निगडीचा आकाशपाळणा

निगडीच्या अप्पूघरावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले. तिथल्या ‘नायट्रो’त उलटापालटा होऊन भाचा परतला तो फर्मान घेऊनच! “मामा, निगडीचा तो पाळणा काढायला सांगा आणि नायट्रो बसवा.” जणू महापालिका माझ्याच खिशात!

शेवटी रविवारी सगळेच निगडीला गेलो. दिल्लीचे अप्पूघर १९८४चे. नाव १९८२च्या आशियाई स्पर्धेतल्या हत्तीचे. ते २००८ साली बंद पडले. हे मी भाच्याला ऐकवले. त्याच्यावर परिणाम शून्य.

नायट्रोसारख्या यंत्रापुढे आधी उंचीची पट्टी, मग हृदयविकाराची सूचना. म्हणजे धाकटी पुतणी बाद आणि आईही बाद. उरलेल्यांनी किंचाळायचे, आम्ही खाली पिशव्या सांभाळायच्या!

आकाशपाळण्यात मात्र चौऱ्याहत्तर वर्षांची आई चपला हातात घेऊन बसली. पाळणा सावकाश वर चढला. दुर्गा टेकडीची झाडी खाली गेली आणि प्राधिकरणाच्या इमारती दूरवर पसरल्या.

“तुझे वडील पाळी संपवून सायकलवर यायचे,” आई म्हणाली, “तेव्हा सगळा माळ होता रे!” पुढे ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

खाली उतरताच भाच्याने विचारले, “आजी, भीती वाटली?”

“वाटली तर! विचार, आणखी एकदा फिरवतात का.”