‘सर्व्ह’ की ‘सर्व्ह्ड’?

मृगाच्या तोंडावर धाराशिवच्या बाजारपेठेत बियाण्यांच्या दुकानांवर ‘फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह’ अशी पाटी हटकून दिसते. मूळ इंग्रजी वाक्प्रचार ‘फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह्ड’ असा आहे. प्रथम येणाऱ्यास प्रथम सेवा दिली जाते, हा त्याचा कर्मणी अर्थ. शेवटचा ‘ड’ गाळला, की आधी आलेल्यानेच आधी सेवा करावी, असे काहीसे विपरीत ध्वनित होते! बँकेतील सेवाकाळात कित्येक सूचनाफलकांवर तो ‘ड’ मी स्वहस्ते लिहिला.

मात्र शब्द शुद्ध झाला म्हणजे क्रम न्याय्य होतोच, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ दूरसंचार परवाने रद्द करताना याच तत्त्वातील दोष दाखविला. ज्याला बातमी आधी कळते, तोच आधी पोहोचतो. आपल्या दुकानांतही निराळे काय घडते? माल येणार असल्याचा फोन ओळखीच्या गिऱ्हाइकाला आदल्या रात्रीच जातो आणि तेरकडील खेड्यातून पहिल्या एसटीने आलेला शेतकरी रांगेत विसावा ठरतो.

माझ्या एका आप्तांनी यंदा पाटीच बदलली. ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम माल’, आणि त्याखाली माल येण्याचा वार व वेळ, दोन दिवस आधी.