समाचाराला गेलेल्याचा समाचार

मराठीतला ‘समाचार’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्याचा समाचार घेणे म्हणजे त्याला फैलावर घेणे. आणि एखाद्याच्या समाचाराला जाणे म्हणजे त्याच्या दुःखात चार घटका त्याच्याजवळ बसणे. एकाच शब्दाच्या एका हातात छडी आणि दुसऱ्या हातात रुमाल! ही गंमत मी वर्गात अठरा-वीस वर्षे सांगत आलो आहे आणि मुले दरवर्षी न चुकता हसतात. पण समाचाराचा तिसरा एक प्रकार आहे आणि तो मला कोणत्याच कोशात आढळलेला नाही. समाचाराला जाऊन आलेल्या माणसाचा समाचार!

काही माणसांच्या कपाळी समाचाराला जाणे हे लिहिलेलेच असते. प्रत्येक वाड्यात, आता प्रत्येक सोसायटीत म्हणू या, एखादे काका असतात. कुणाकडे काही झाले की चप्पल पायात सरकवून ते आधी निघतात. डॉक्टरांना फोन तेच करतात, बांबू आणि मडके कुठे मिळते तेही त्यांनाच ठाऊक असते. दहाव्याला घाटावर बसणारे गुरुजी घ्या. कावळा शिवेपर्यंत सगळे आकाशाकडे बघत असतात, शिवला की सुटकेचा निःश्वास टाकतात. मग कुणीतरी दक्षिणेचे पाकीट पुढे करतो. उन्हात तासन् तास बसलेल्या त्या माणसाला ‘गुरुजी, तुम्ही कसे आहात?’ असे विचारलेले मी अद्याप ऐकलेले नाही. रोजच्या रोज दुसऱ्याचे मरण पाहणाऱ्याला ते लागतच नसेल, असे आपण धरून चालतो. हलवायाला गोडाची ओढ नसते ना, तसेच!

मीही तसेच धरून चाललो होतो. मग २०२१ सालचा एप्रिल-मे आला. कॉलेजला कुलूप होते आणि वर्ग फोनच्या चौकोनात भरत होता. माझ्याकडे दुसऱ्या वर्षाच्या बासष्ट मुलांची यादी होती. कोण तासाला दिसत नाही त्याला फोन करायचा, एवढेच काम नेमून दिलेले. पहिल्या आठवड्यात उत्तरे नेहमीची होती: रेंज नाही, रिचार्ज संपला. दुसऱ्या आठवड्यापासून ती बदलली. एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, “सर, तासाची लिंक बाबांच्या फोनवर येते. ती आता माझ्या नंबरवर पाठवाल का?” मी “का रे?” असे विचारण्याच्या आतच मला कळले. मराठीचा प्राध्यापक असूनही त्या वाक्याला द्यावे असे एकही वाक्य माझ्याजवळ नव्हते. “पाठवतो हं,” एवढेच म्हणालो.

असे फोन रोज दोन-तीन होऊ लागले. एक दिवस बायको म्हणाली, “अहो, घास हातात धरून किती वेळ बसणार आहात?” तिला काय सांगणार? तिचे स्वतःचे मामा इस्पितळात होते. ज्याच्या घराला आधीच आग लागली आहे, त्याच्या अंगणात आपली शेकोटी कशी पेटवायची!

मग आम्ही चौघे शनिवारी रात्री नऊ वाजता फोनवर एकत्र बसू लागलो. इतिहासाचे सर, भूगोलाच्या बाई, ग्रंथपाल आणि मी. प्रत्येकाजवळ एकेक यादी होती. सल्ला कुणी कुणाला देत नसे. एकजण सांगे, तिघे ऐकत, एवढाच कार्यक्रम. तरी सोमवारी फोन उचलायला हात जरा कमी जड होत असे. चौथ्या की पाचव्या शनिवारी ग्रंथपाल बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी चोरी कबूल करावी तसे म्हणाले, “माझ्या बहिणीला मुलगी झाली.” क्षणभर सगळे गप्प. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “अहो, मग पेढे कुठे आहेत?” त्या रात्री आम्ही किती हसलो! दुःख सांगायला जागा लागते हे मला माहीत होते. सुख सांगायलाही हक्काची जागा लागते, हे त्या रात्री कळले. भोवताली सुतक असताना आनंद तोंडातून काढायलाही माणूस धजत नाही.

इतिहासाच्या सरांनीच एकदा सहज सांगितले, की आपण हे काही नवीन करत नाही. पहिल्या महायुद्धातल्या चॅप्लेन लोकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केले. चॅप्लेन म्हणजे पलटणीबरोबर, जहाजावर, इस्पितळात किंवा तुरुंगात राहणारा धर्मोपदेशक. गावच्या देवळातल्या पाद्र्याची माणसे ठरलेली असतात. बारशापासून प्रेतापर्यंत तो त्यांना ओळखतो. चॅप्लेनच्या भोवतीची माणसे आज असतात, उद्या नसतात. त्याच्या हाती शस्त्र नसते. जखमींना धीर द्यायचा, मेलेल्यांना पुरायचे आणि त्यांच्या आयांना पत्रे लिहायची, हे त्याचे काम. सरांच्या त्या बोलण्याने मला चाळा लागला. झोप येत नसे तेव्हा मी या लोकांविषयी वाचू लागलो.

बेल्जियममध्ये पॉपरिंग नावाचे एक लहान शहर आहे. त्यापासून थोड्याच मैलांवर इप्रची आघाडी होती. नेव्हिल टॅलबट हा तिथल्या ब्रिटिश फौजेतला वरिष्ठ चॅप्लेन. त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट ३० जुलै १९१५ रोजी हूझ येथे पडला. धाकट्या भावाचे प्रेत शोधायला नेव्हिल स्वतः रणभूमीवर सरपटत गेला. इतरांना धीर देण्यासाठी नेमलेल्या माणसावर ही पाळी! त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने आणि फिलिप क्लेटन नावाच्या दुसऱ्या चॅप्लेनने पॉपरिंगमध्ये एक मोठे घर भाड्याने घेऊन सैनिकांसाठी उघडले. गिल्बर्टच्या आठवणीने त्याला टॅलबट हाउस म्हणू लागले. तिथे अधिकारी आणि शिपाई हा भेद दारातच सोडावा लागे. पियानो होता, बाग होती, वाचनालय होते. पुस्तक हवे तर आपली टोपी ठेवून जायची! (आमच्या ग्रंथपालांना ही पद्धत फार आवडली.) एका भिंतीवर येणारा-जाणारा आपले नाव लिहून ठेवी, म्हणजे चुकलेल्या मित्राला पत्ता लागावा. माळ्यावर प्रार्थनेची जागा होती आणि तिथली वेदी म्हणजे एका सुताराचे जुने बाक. भावाच्या मरणावर टॅलबटने प्रवचन केले असेल-नसेल. पण त्या मरणाचे हजारोंचे घर झाले, एवढे खरे. ते घर अजूनही पाहुण्यांसाठी उघडे आहे.

दुसरी गोष्ट आमच्या पेशातल्या माणसाची, म्हणून मला अधिक जवळची. थिओडोर बेली हार्डी हा शाळामास्तर होता, पुढे एका खेड्यात पाद्री झाला. १९१४ साली त्याची बायको वारली. १९१६ साली, पन्नाशी उलटल्यावर, हा संकोची विधुर चॅप्लेन म्हणून फ्रान्सला गेला. तिथे त्याची गाठ जेफ्री स्टडर्ट केनेडीशी पडली. केनेडी त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. पण तो आघाडी पाहून आलेला होता. खिशात वुडबाइन सिगारेटी भरून सैनिकांना वाटत हिंडणारा हा ‘वुडबाइन विली’. मास्तराने आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाला विचारले, की मी काय करू? केनेडीने त्याला पोथी सांगितली नाही. स्वतः खाल्लेल्या ठेचा सांगितल्या. सैनिक जिथे असतील तिथे त्यांच्याबरोबर राहा, ते जिथे जातील तिथे जा; बाकीचे सगळे त्यातून येते, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ.

हार्डीने ते अक्षरशः पाळले. रात्रीच्या काळोखात तो खंदकात येई आणि ‘मीच आहे’ एवढेच म्हणे. जखमी माणसाला उचलता येत नसले, तर रात्रभर त्याच्याजवळ बसून राही. दोन वर्षांत त्याला मिलिटरी क्रॉस, डीएसओ आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे तिन्ही सन्मान मिळाले. राजाने त्याला आपला मानाचा चॅप्लेन नेमले; परत येण्याची वाट मोकळी होती. तो पलटणीतच राहिला. ऑक्टोबर १९१८ मध्ये तो जखमी झाला आणि १८ तारखेला रुआं येथे वारला. युद्ध संपायला तीन आठवडे आणि काही दिवस उरले होते. मला राहून राहून वाटते, की तीन पदकांहून मोठे धैर्य त्या पहिल्या प्रश्नात होते. पन्नाशीनंतर धाकट्याला ‘मला शिकव’ म्हणणे सोपे नाही. कोणत्याही कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारून पाहा!

पुढे या सांगण्या-ऐकण्याची रीतसर शाळाच निघाली. अमेरिकेतल्या अँटन बॉयसन या पाद्र्याचे मन १९२० साली ढासळले आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन म्हणून गेला. ज्या दाराने आत नेले होते, तशाच दाराने तो किल्ली घेऊन शिरला म्हणा ना! १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे मोजके विद्यार्थी तिथे शिकायला बोलावले. त्याचे म्हणणे असे, की ग्रंथ वाचता तशी ही जिवंत माणसे वाचा. १९३० च्या दशकात रसेल डिक्स नावाच्या चॅप्लेनने त्यात एका पद्धतीची भर घातली. रोग्याशी झालेले बोलणे आठवून शब्दन् शब्द लिहून काढायचे. आता असे लिहिलेले बोलणे बरोबरीच्या चार जणांपुढे वाचून दाखवतात. रोगी रडला तेव्हा तू घाईघाईने प्रार्थना का सुरू केलीस? तुला कुणाची आठवण झाली? असले प्रश्न सोबती विचारतात. इस्पितळातल्या चॅप्लेनांच्या शिक्षणात ही रीत आजही आहे. आमच्या शनिवारच्या चौकटीला ही शंभर वर्षांची वंशावळ असेल, हे आम्हा चौघांना कुठे ठाऊक होते?

आणि ३ फेब्रुवारी १९४३ ची ती रात्र. ‘डॉर्चेस्टर’ हे अमेरिकी सैनिकांचे जहाज नऊशेवर माणसे घेऊन ग्रीनलंडकडे चालले होते. मध्यरात्रीनंतर जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो त्यावर आदळला. जहाजावर चार चॅप्लेन होते: मेथडिस्ट जॉर्ज फॉक्स, ज्यू रब्बाय अलेक्झांडर गुड, रिफॉर्म्ड पंथाचा क्लार्क पोलिंग आणि कॅथलिक जॉन वॉशिंग्टन. घाबरलेल्या माणसांना त्यांनी होड्यांकडे धाडले, जीवरक्षक जाकिटे वाटली. ती संपली तेव्हा अंगावरची काढून दिली. वाचलेल्यांनी सांगितले, की शेवटी ते चौघे हातांत हात गुंफून, आपापल्या परीने प्रार्थना करत डेकवर उभे होते. जहाज अर्ध्या तासाच्या आत बुडाले. सुमारे २३० माणसे वाचली. १९४८ साली अमेरिकेने त्या चौघांचे टपाल तिकीट काढले. लोक त्यांचा त्याग आठवतात, आणि ते योग्यच आहे. माझे मन मात्र अलीकडच्या दिवसांवर घोटाळते. हार्वर्ड विद्यापीठात तेव्हा लष्कराची चॅप्लेनांची शाळा होती. तिथे या चौघांची ओळख झालेली होती. चार देवळांची माणसे एका बाकावर बसली होती, एकमेकांची थट्टा करत असतील, घरची पत्रे वाचून दाखवत असतील. हात आयत्या वेळी गुंफता येत नाहीत. ते आधीपासून जुळलेले असावे लागतात.

हे सगळे समुद्रापलीकडचे आहे असे नाही. आमच्या पुण्यातच भूदलाची राष्ट्रीय एकात्मता संस्था आहे. पलटणींत नेमायचे धर्मशिक्षक, म्हणजे पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री, तिथे शिकतात. त्यांच्या ठरलेल्या कामांत अंत्यविधी करणे आहे, इस्पितळातल्या आजाऱ्यांना भेटणे आहे आणि शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणेही आहे. कितीतरी छावण्यांत ‘सर्वधर्मस्थळ’ असते, एकाच छपराखाली चारही देव. मला त्या छपराखालच्या देवांइतकेच कुतूहल तिथल्या माणसांचे आहे. सीमेवरून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी रवाना करून आल्यावर रात्री पंडितजी ग्रंथीजींपाशी काय बोलत असतील? कदाचित काहीच नाही. कदाचित नुसता चहा.

आमचे शनिवार आता रोजचे राहिलेले नाहीत. पण महिन्याकाठी एकदा आम्ही चौघे बसतो. ग्रंथपालांची भाची बालवाडीत जाते. लिंक मागणारा तो मुलगा बी. ए. होऊन नोकरीला लागला. पहिल्या पगाराचे पेढे त्याने चौघांना आणून दिले.

दिवाळीच्या दिवसांत मला आपली एक जुनी रीत आठवते. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेले असते, तिथे फराळ तळत नाहीत. शेजारणी ताट झाकून नेऊन देतात. आणि शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करायचे नाही, हीही रीतच. मग त्या घरची बाई काय करते? घरात लाडू नसतो, करंजी नसते. ती ताट धुते, पुसते आणि त्यात चिमूटभर साखर ठेवून परत देते. देणारीच्या घरी फराळाचे डबे भरलेले असतात. तरी ती चिमूट कुणी टाकून देत नाही. दारातच जिभेवर ठेवतात.