‘प्रोबोटेक्टर’ म्हणजे आपला ‘कॉन्ट्रा’च

चि. निनाद,


तू पाठवलेला फोटो पाहिला. म्युनिकच्या जुन्या बाजारात घेतलेल्या कॅसेटवर नाव ‘प्रोबोटेक्टर’, आणि टीव्हीला लावली तर जंगल ‘कॉन्ट्रा’तलंच, धबधबा तोच; फक्त बिल आणि लान्स या उघड्या अंगाच्या नायकांच्या जागी दोन यंत्रमानव. ‘मामा, मला नक्कल विकली का?’ असं तू विचारलंस. नाही रे. तुझी कॅसेट अस्सल आहे. नक्कल होती ती आपली, सांगलीच्या दुकानातली, जिच्यात तू फुंकर मारून मारून दिवाळीची सुट्टी घालवलीस.

हा गेम जपानच्या कोनामी कंपनीचा, १९८७ सालचा. जपानीत ‘कॉन्ट्रा’ हे नाव त्यांनी तीन चित्राक्षरांत लिहिलं. ती निवडली उच्चारासाठी, पण पहिल्याचा अर्थ आत्मा आणि दुसऱ्याचा झुंज. जपानी मुलाला त्या नावात योद्धा दिसत असणार. बाहेरच्या जगाला मात्र त्या वर्षी ‘कॉन्ट्रा’ म्हटलं की निकाराग्वाचे बंडखोर आठवत. अमेरिकेनं त्यांना चोरून पैसा पुरवल्याचं प्रकरण तेव्हा रोज पेपरात होतं. गेमच्या शेवटी वाजणाऱ्या धुनेचं नाव ‘सँडिनिस्टा’, म्हणजे त्याच बंडखोरांचा शत्रुपक्ष! तेव्हा हे नाव अगदीच निरागस होतं असं मला वाटत नाही. युरोपातल्या गेम पार्लरमध्ये तो ‘ग्रायझर’ म्हणून आला.

यंत्रमानव आले ते जर्मनीमुळे. तिथे मुलांच्या हाती काय पडावं हे तपासणारं सरकारी मंडळ १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत एखादी वस्तू गेली, की ती लहानांना विकता येत नाही, दुकानात मांडता येत नाही, तिची जाहिरातही करता येत नाही. १९८४ मध्ये ‘रिव्हर रेड’ हा साधा विमानांचा गेमही त्या यादीत गेला होता. माणूस माणसावर गोळ्या झाडतो असा गेम तिथे टिकला नसता. म्हणून १९९० मध्ये घरगुती कॅसेट आली तेव्हा माणसांचे रोबोट झाले, आणि ‘रोबोट’ नि ‘प्रोटेक्टर’ जोडून हे नाव तयार झालं. बिल आणि लान्स यांना नुसते नंबर मिळाले: आरडी-००८ आणि आरसी-०११.

दोन महायुद्धांनंतर त्या देशाला मुलांच्या हातातली बंदूक खुपली, याचा मला आदरच वाटतो. पण बिलचं नावही काढून घ्यायला नको होतं.

कॅसेट जपून ठेव, डिसेंबरात येताना घेऊन ये. आणि आपली खूण तिथेही करून बघ: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तीस लाइफ त्या यंत्रमानवांनाही मिळतात.

तुझा,
मामा