पळसाची सहल आणि गुलमर्गचा वारा

वसंत ऋतू म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आंब्याचा मोहोर, कोकिळेचं कुहूकुहू, हिरवीगार पालवी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असंच असतं ना? आमच्या वर्धा जिल्ह्यातला वसंत मात्र आधी केशरी-लाल होतो आणि मग हिरवा! फेब्रुवारी संपता संपता पळसाची सगळी पानं गळून पडतात, काळ्या वाकड्या फांद्या उरतात आणि त्या फांद्यांवर पोपटाच्या चोचीसारखी फुलं दाटीवाटीनं फुटतात. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणी रानात जागोजागी शेकोट्या पेटवल्यात. फुलांतला रस प्यायला साळुंक्या आणि सूर्यपक्षी नुसती भांडाभांडी करत असतात. या फुलांचा रंग होळीला करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

हा पळस पाहायचा तर वर्ध्याहून नागपूर रस्त्याला लागायचं. आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार. विनोबांचा आश्रम इथलाच. आश्रमाच्या जागेत विनोबा शेत खणत होते, तेव्हा जमिनीतून भरत आणि राम यांच्या भेटीचं जुनं शिल्प निघालं. ते आजही आश्रमात आहे. १९५९ साली विनोबांनी इथं स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. नदीच्या पात्रात खडकांवर उभं राहून मुलं दगड भिरकावतात, पण मोठ्यांनी आठवण करून द्यावी की १९४८ साली गांधीजींच्या अस्थी याच धामच्या पाण्यात सोडल्या होत्या. पुढे सेलू लागतं, मग मुख्य रस्ता सोडून हिंगणी आणि त्याच्यापुढे बोरधरण. धरणाच्या मागे बोरचं जंगल. १९७० साली ते अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्या वेळी तो देशातला सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. लहान असला तरी वाघ खरेखुरे आहेत बरं का!

तीन-चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्या शाळेतली पाचवीची मुलं घेऊन मी याच रस्त्यानं निघाले होते. सकाळी आभाळ अगदी स्वच्छ. डब्यात पोळी-भाजी, पिशवीत वर्ध्याचा प्रसिद्ध गोरसपाक. (तो सेलू यायच्या आधीच संपला, हे सांगायला नकोच.) पवनार झालं, गाणी झाली, गावांच्या नावांच्या भेंड्या झाल्या. हिंगणी मागे टाकली आणि ड्रायव्हरकाकांनी गाडीचा वेग कमी केला. म्हणाले, "मॅडम, आभाय पाहा बरं. हे काही खरं नाही."

पश्चिमेकडून ढग येत होता. साधा पावसाळी ढग पसरट असतो. हा भिंतीसारखा उभा होता, खाली काळा आणि पोटात हिरवट. आम्ही जंगलाकडे जायचा विचार सोडला. काकांनी गाडी झाडांपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी उभी केली आणि ओरडले, "पोट्टेहो, खिडक्या लावा!" शेवटची काच बंद होते न होते तोच टपावर पहिली गार आदळली. मग दुसरी, आणि मग मोजणं शक्यच नव्हतं. पत्र्यावर कुणी पोत्यानं खडी ओतावी तसा आवाज. शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येईना. काही मुलं रडू लागली, काही आनंदानं किंचाळू लागली. पंधरा मिनिटं हे चाललं असेल.

शेवटचा गडगडाट झाल्यावर मी घड्याळ लावलं आणि अर्धा तास कुणालाही खाली उतरू दिलं नाही. मुलं जाम कुरकुरली. कुरकुरू द्यावं. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं. दहा किलोमीटर लांबच्या ढगातूनही ती येऊ शकते.

खाली उतरलो तर काय! रस्त्याकडेच्या नालीत गारांचे पांढरे ढीग, आणि त्यांच्यावर पळसाची लाल फुलं सांडलेली. झाडावर एक फूल शिल्लक नव्हतं. ज्यासाठी आलो होतो ते सगळं नालीत पडलं होतं. पण पोरांना त्याचं काय! एकानं गारांच्या उतारावर चपलांसकट घसरगुंडी केली, आणि त्याच्यामागे रांगच लागली. टीव्हीवर काश्मीरमध्ये लोक पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात ना, ते स्कीइंग हिंगणीच्या पुढे सुरू झालं!

एक मुलगी मात्र गाडीच्या दारातच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, आमच्या गावाकडंही पडली असंल का?"

तिच्या घरच्या हरभऱ्याची सोंगणी आदल्याच दिवशी झाली होती. झाडं उपटून शेतात गंजी लावलेली, मळणीयंत्राचा नंबर दोन दिवसांनी. वर्षभराच्या वह्या, चुलतबहिणीच्या लग्नाचा आहेर, सोसायटीचा हप्ता, सगळं त्या गंजीत. मी फोन लावला. उचलायला कुणी नव्हतं. कारण घरची सगळी माणसं शेतात ताडपत्री धरून उभी होती, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. अर्धी गंजी वाचली. उरलेली भिजली, दाणे काळे पडले, काहींना मोड आले. बाजारात त्याला भाव कमीच मिळाला.

परतीच्या वाटेवर घसरगुंडीवाल्या मुलानंच प्रश्न काढला. "मॅडम, उन्हाळ्यात एवढा बर्फ येतो कुठून?" प्रश्न चांगला आहे. नीट ऐका.

भूमध्य समुद्राकडून निघालेले थंड वाऱ्यांचे भोवरे इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिवाळाभर आपल्याकडे येत असतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते हिमालयाला अडले की काश्मीरमध्ये बर्फ पडतं. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथली सगळी स्कीइंगची मजा या पाहुण्यांवर अवलंबून. ते आलेच नाहीत तर उतार उघडे पडतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पुरेसं बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. उलट ते फारच जोरात आले तर वादळी वाऱ्यानं तिथला रोपवे बंद ठेवतात, हिमकडे कोसळायची भीती असते, आणि लांबून आलेली मंडळी हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघत बसतात. त्यांचीही सहल फसतेच की!

आता गंमत पाहा. यातलाच एखादा भोवरा कधी कधी दक्षिणेकडे खोलवर हात पसरतो. वर उंचावर थंड कोरडी हवा विदर्भापर्यंत पोहोचते. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, आणि जमीन तर मार्चच्या उन्हानं तापलेली. गरम दमट हवा फुग्यासारखी वर उसळते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. वरच्या थंडीत पाण्याचे थेंब गोठतात. खाली पडायला लागले की वर जाणारा वारा त्यांना झेलतो, त्यांच्यावर आणखी पाणी चिकटून गोठतं. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली! म्हणून मोठी गार मधोमध फोडली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पांढरा, एक काचेसारखा. गुलमर्गला ज्या वाऱ्यामुळे सुट्टीची मजा, त्याच्याच भाऊबंदामुळे आमच्याकडे नुकसान.

नुकसान किती, ते २०१४ साली महाराष्ट्रानं पाहिलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. विदर्भ-मराठवाड्यातला गहू, हरभरा झोपला, द्राक्षं-डाळिंबं फुटली. आमच्या जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याला दोन बहार धरतात. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येतात, आणि त्याच सुमाराला आंबिया बहाराची वाटाण्याएवढी नवी फळं लागलेली असतात. म्हणजे मार्चमधली एक गारपीट या वर्षीची पिकलेली संत्री पाडते आणि पुढच्या हंगामाचीही झोडपून जाते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद नावाजलेली. ती शिजवून उन्हात वाळत घातलेली असते, तिला एका पावसानं डाग पडतात. रानात मोहाची फुलं वेचून चार पैसे मिळवणारी गोंड कुटुंबं असतात. गारांनी मोहाच्या कळ्याच झोडल्या तर वेचायचं काय?

तुम्ही अशा वेळी शेतात किंवा रस्त्यात सापडलात तर एवढं करा. एकट्या उंच झाडाखाली, मोहाच्या असो की कडुनिंबाच्या, मुळीच थांबू नका. विहीर, तळं, नदी यांच्यापासून लांब व्हा. पक्कं घर किंवा काचा लावलेली बंद मोटार मिळाली तर उत्तम. काहीच नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे पडू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, हा हिशेब. घरच्यांच्या मोबाइलवर पुण्याच्या हवामान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप असेल तर जवळपासची वीज त्यावर कळते.

त्या सहलीनंतर आमच्या वर्गात एक 'गारांची वही' सुरू झाली. गार पडली की तारीख, वेळ, ढग कुठल्या दिशेनं आला आणि गार केवढी, हे मुलं लिहितात. मापं त्यांचीच आहेत. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी. शेवटचा रकाना त्या मुलीनं आखून घेतला. त्याचं शीर्षक, 'कोणाचं काय शेतात होतं'. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, "बोराएवढी. पश्चिमेकडून. आमचा हरभरा, अर्धा."