छत्र्यांचे छायाचित्र

आमच्या दिवंगत वडिलांच्या प्रार्थनापुस्तकात डिसेंबर 1971 मधील एक वृत्तपत्रीय कात्रण होते : आभाळभर उघडलेल्या हवाई छत्र्या. त्या वेळी आम्ही पाळण्यात होतो. पुढे सेमिनरीच्या सुटीत ते पाहिले, आणि आजच्या बांगलादेशातील टांगाईल येथे उतरलेले आपले जवान ते हेच, असे कित्येक वर्षे मानीत राहिलो.

ही पलटण मूळची मराठ्यांची, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. पूर्वी ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हिच्यातलेच. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्व मशीनगनच्या माऱ्यात मृत वा घायाळ झाले. घाडगे एकटेच त्या गनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकला, गोळ्या झाडल्या. मॅगझीन बदलण्यास अवधी नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. इटलीतच, कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

पुढे बटालियन छत्रीधारी झाली व 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली. 11 डिसेंबर 1971 च्या सायंकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तिचे सातशेहून अधिक जवान टांगाईलनजीक उतरले. काही जण भलतीकडेच पडले. गावकऱ्यांनी सामान वाहून नेण्यास हात दिला. लोहाजंग नदीवरील पूंगलीचा पूल घेऊन त्यांनी उत्तरेकडून ढाक्याला परतणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडविली. रात्री हल्ल्यांमागून हल्ले आले. पूल हातचा गेला नाही. 16 डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्यांत हीच पलटण होती.

आणि छायाचित्र? ते टांगाईलचे नव्हतेच! ते होते आधी आग्र्याला झालेल्या सरावाचे. प्रसिद्धी खात्याने ते पुढे केले, आणि संपूर्ण ब्रिगेड उतरल्याचा समज जगभर पसरला. ढाक्यातील सेनापतींचा धीर खचण्यात त्याचाही वाटा होता, असे सांगतात.

खोटी साक्ष देऊ नका, असे आम्ही वेदीवरून सांगतो. त्या छायाचित्राने काही प्राण वाचले असतील, तर त्यास काय म्हणावे? नीतिशास्त्राच्या वर्गात डावपेच आणि असत्य यांतील भेद सोपा वाटला होता. पण आमची खंत निराळीच आहे : आग्र्याच्या छत्र्या साऱ्या जगाने पाहिल्या, पूंगलीच्या पुलावरील रात्र मात्र आमच्या घरी कोणाच्याच कानी आली नव्हती.

कात्रण आम्ही फेकले नाही. पाठीमागे पेन्सिलीने पूंगलीचे व घाडग्यांचे नाव लिहिले, आणि मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या पानात ते पुन्हा ठेवून दिले.