एवढीशी झडप

माझ्या मोटारीखालीं फरशीवर पडलेल्या तेलाच्या डागाशीं माझी ओळख वर्षभराची होती. प्रथम तो रुपयाएवढा होता. पुढें वाढत वाढत पुरणपोळीएवढा झाला, आणि सोसायटीच्या चिटणिसांनीं त्याची दखल घेतली तेव्हां मीं त्यावर जुन्या खोक्याचा एक पुठ्ठा पसरून ठेवला. मनुष्य स्वतःच्या उणिवांशीं ज्या रीतीनें वागतो त्याच रीतीनें मी त्या डागाशीं वागलों. तो नाहींसा करण्याऐवजीं तो दिसणार नाहीं एवढी तजवीज केली, आणि निश्चिंत मनानें कॉलेजांत जाऊन शेक्सपिअर शिकवीत राहिलों.

गाडी २००३ सालची. पंधरा वर्षें भरल्यावर तिची नोंदणी मीं पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली, आणि तीं पांच संपल्यावर पुन्हां पांच. दोन्ही वेळां कचेरींतून बाहेर पडतांना एखाद्या वृद्ध आप्ताला रुग्णालयांतून सुखरूप घरीं आणल्याचा आनंद मला झाला. मुलाला हें पसंत नाहीं. "बाबा, आतां ती विका," असें तो दर फोनला सांगतो. आमच्या नेहमींच्या मिस्त्रींनीं गुडघ्यांच्या दुखण्यामुळें काम कमी केलें होतें, म्हणून मुलाच्याच आग्रहानें गाडी एका मोठ्या, चकचकीत कार्यशाळेंत नेली. तेथील तरुणानें पडद्याकडे पाहून निदान सांगितलें : रिंगा झिजल्या आहेत, इंजिन उतरवून खोलावें लागेल, खर्च पंचेचाळीस हजार. गाडी विकून तेवढे पैसे यावयाचे नाहींत, हें सांगण्याचें सौजन्यही त्यानें दाखविलें.

शेवटीं नाना पेठेंत आमच्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं प्लॅस्टिकच्या स्टुलावरून कष्टानें उठून बॉनेट उघडलें, इंजिन सुरू ठेवावयास सांगितलें आणि तेल ओतण्याच्या तोंडावरचें झांकण फिरवून काढलें. झांकणाच्या आंतल्या बाजूस लोण्यासारखा पिवळट थर जमला होता. माझ्या खिशांतून डोकावणारा परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा कागद त्यांनीं न विचारतां काढून घेतला आणि त्या तोंडावर अलगद धरला. इंजिन धडधाकट असतें तर कागद किंचित् आंत ओढला गेला असता; तो उलट फडफडत वर उडूं लागला.

"सर, इंजिनचा दम कोंडलाय," मिस्त्री म्हणाले. "रिंगांचं नंतर बघू."

इंजिनाला श्वास असतो हें मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं कळलें. सिलिंडरांत स्फोट होऊन पिस्टन खालीं ढकलला जातो, इतकें आम्हां साहित्यवाल्यांनाही ठाऊक असतें. परंतु पिस्टनाभोंवतालच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी त्या स्फोटाचा थोडा वायु त्यांच्या कडेनें निसटून खालच्या पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, उतरतोच; अगदीं नव्या इंजिनांतही उतरतो. त्याच्याबरोबर न जळलेलें पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लें जातात, आणि तळाच्या तेलांत मिसळून त्यांचा चिखल होतो. माझें घर ते कॉलेज हें अंतर जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्यांत इंजिन धड तापतही नाहीं, आणि न तापलेल्या इंजिनांतलें पाणी उडून जात नाहीं. तो लोण्याचा थर माझ्या सोयीच्या नोकरीचा होता! या वायूला वाट मिळाली नाहीं तर आंतला दाब वाढतो, आणि जेथें पॅकिंग जुनें झालें असेल तेथून तो तेलाला बाहेर ढकलतो. मीं वर्षभर पुसलें तें हें तेल.

पूर्वींच्या मोटारींत या वायूची व्यवस्था अगदीं सरळ होती. क्रँककेसपासून एक नळी खालीं रस्त्याच्या दिशेनें सोडलेली असे, आणि धांवत्या गाडीखालच्या वाऱ्यानें आंतली घाण आपोआप बाहेर ओढली जाई. शहराच्या हवेचें काय होतें याची विचारपूस कोणी करीत नसे. दुसऱ्या महायुद्धांत रणगाडे खोल पाण्यांतून उतरवावे लागत, तेव्हां या उघड्या नळींतून पाणी आंत शिरूं नये म्हणून बंदिस्त पद्धति वापरांत आली. परंतु सामान्य मोटारीवर ती पाळी आणली लॉस एंजेलिसच्या धुरक्यानें. आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५२ सालीं दाखवून दिलें कीं, डोळे झोंबविणारें हें धुरकें न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होतें. मग लोक मोटारींच्या मागच्या नळीकडे बोट दाखवूं लागले. आणि शोधाअंतीं आढळलें कीं, त्या वाफांचा सुमारें पांचवा हिस्सा मागून नव्हे, तर क्रँककेसच्या या दुर्लक्षित नळींतून येतो. १९६१ सालीं कॅलिफोर्नियानें तो वायु पुन्हां इंजिनांतच जाळण्याची सक्ति केली. मोटारीच्या प्रदूषणाला अमेरिकेंत कायद्यानें घातलेली ती पहिली वेसण.

त्या वेसणीचा जीव म्हणजे ही झडप. मिस्त्रींच्या भाषेंत 'पीसीव्ही व्हॉल्व्ह'. अंगठ्याएवढी वस्तु, आंत एक लहानशी दांडी आणि एक स्प्रिंग. इंजिन नुसतें गुरगुरत उभें असतें तेव्हां हवा आंत घेणाऱ्या नळ्यांत ओढ फार असते. त्या ओढीनें दांडी पुढें सरकते आणि वाट अरुंद करते. चढावर इंजिनाला जोर पडतो तेव्हां वायु अधिक निसटतो, पण ओढ कमी होते. मग स्प्रिंग दांडीला मागें सारते आणि वाट रुंद होते. इंजिनानें मागें भडका मारलाच तर ती वाट साफ बंद करते. कोणी शिकविलें नसतांना इतकें तारतम्य ठेवणाऱ्या या वस्तूची किंमत चारशें रुपयांच्याही आंत आहे. 

पुढच्या रविवारीं सकाळीं मिस्त्री आमच्या घरीं आले. इंजिन गार होतें. गुडघ्यांमुळें ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार, असा करार होता. क्लिपा सैल करून मीं नळी ओढली तों ती वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी कडाड मोडली. आंत काकवीसारखा काळा रस. झडप काढून कानाशीं हलविली. चांगली असेल तर ती टकटक वाजते. माझी अगदीं मुकी होती. उघड्या राहिलेल्या तोंडांत मिस्त्रींनीं प्रथम स्वच्छ फडकें कोंबावयास लावलें, म्हणजे घाण आंत पडणार नाहीं. मग कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा आणि बाटल्या धुण्याचा ब्रश घेऊन मी एक तास तीं भोंकें आणि नळ्या घांसल्या. नवी नळी मीं हार्डवेअरच्या दुकानांतून आणली होती. ती पाहून मिस्त्री नुसते हसले. पाण्याची रबरी नळी तेलाच्या वाफेनें फुगते आणि मऊ पडते. त्यांनीं तेलाला टिकणारी नळी पिशवींतून काढून दिली. नवी झडप मात्र मीं मोठ्या आत्मविश्वासानें बसविली, आणि ती उलटी बसविली.

"सर, पेपर तपासताना बाण बघता का नाही?" मिस्त्रींनीं विचारलें. झडपेवर खरोखरच एक बाण होता.

एवढ्यांत माझी पत्नी चहा घेऊन खालीं आली. सुटे भाग पाहून तिनें सहज विचारलें, "मग आता तो वास यायचा नाही ना?"

"कसला वास?"

"जळक्या तेलाचा. सिग्नलला गाडी थांबली की येतो तो."

मला कधींच आला नव्हता. मिस्त्रींनीं मान डोलाविली. "वहिनींचं बरोबर आहे. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल गळतं, तापलेल्या नळ्यांवर पडतं, आणि त्याचा धूर आत येतो. डोकं उठतं माणसाचं."

"मग मला सांगितलं कां नाहींस?"

"सांगितलं होतं की. मागच्या दिवाळीत, साताऱ्याला जाताना. तुम्ही म्हणालात, तुला सगळ्यातच वास येतो." तिनें कप मिस्त्रींच्या हातांत दिला. तिच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि तेंच मला अधिक जड गेलें.

मी मनांतल्या मनांत हिशेब करूं लागलों. दिवाळीनंतर ती बहिणीकडे कोथरूडला रिक्षानें गेली होती, कारण तिथें गाडी लावायला जागा नसते. चिंचवडच्या लग्नाला शेजारणीबरोबर मेट्रोनें, कारण मेट्रोची हौस. दातांच्या डॉक्टरांकडे पायीं, कारण चालणें चांगलें. प्रत्येक कारण मला त्या त्या वेळीं पटलें होतें. कॉर्डिलियाच्या मौनावर मी दरवर्षीं चार तास बोलतों, आणि विद्यार्थी तें लिहून घेतात.

इंजिन सुरू केलें. मिस्त्रींनीं तोच पर्यवेक्षणाचा कागद, आतां चांगलाच तेलकट झालेला, तोंडावर धरला. तो हलकेच आंत ओढला जाऊन चिकटून बसला. रिंगा शाबूत होत्या. टॅपेट कव्हरचें पॅकिंग दुसऱ्या दिवशीं बदललें, तेलही बदललें. सारा खर्च साडेतीन हजारांच्या आंत. पुठ्ठा मीं उचलून टाकला आहे. डाग अजून आहे, परंतु त्याचा आकार वाढलेला नाहीं.

पुढच्या आठवड्यांत साताऱ्याला निघालों. बोगदा टाळून कात्रजच्या जुन्या घाटानें जावयाचें, ही माझी जुनी खोड. पहिल्या वळणापर्यंत तिच्या बाजूची कांच खालीं होती. चढाला लागल्यावर इंजिनाला जोर पडला तसा मी कान देऊन ऐकूं लागलों, आणि थोड्या वेळानें न राहवून विचारलें, "वास येतो का ग?"

"येतो," ती म्हणाली, "पुढच्या ट्रकचा." आणि तिनें कांच वर केली.