चक्ररक्षक

भारतीय युद्धात अर्जुनाचे सारथ्य कोणी केले, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेले मूलही सांगेल. परंतु त्याच रथाची दोन चाके कोणी राखली, असे विचारताच भलेभले विद्वान गप्प होतात. युधामन्यू आणि उत्तमौजा अशी त्या दोघा पांचाल वीरांची नावे. एकाने डावे चाक राखावे, दुसऱ्याने उजवे. शत्रूला बाजूने रथाशी भिडू देऊ नये, म्हणजे मधला धनुर्धर निश्चिंतपणे समोर पाहू शकेल, अशी ही योजना होती. या पदाला व्यासांनी शब्दही नेमका योजला आहे: चक्ररक्षक. पुढे सौप्तिक पर्वातील त्या भयंकर रात्री अश्वत्थाम्याच्या हातून दोघेही मारले गेले. अर्जुनाच्या पराक्रमाची वर्णने अध्यायच्या अध्याय चालतात. चाके राखणाऱ्यांच्या वाट्याला थोडेसे उल्लेख येतात.

खेळावर लिहावयास बसून हे पुराण कशासाठी, असे वाचक म्हणतील. कारण असे की, हाच प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या घरात उभा राहिला. माझ्या धाकट्या बंधूचा नातू कबड्डी खेळतो. त्याची जागा डाव्या कोपऱ्याची. एका स्पर्धेसाठी संघ निवडताना त्याला वगळण्यात आले आणि कारण सांगितले ते एवढेच, की "तू गुण आणत नाहीस." दोन दिवस पोर जेवणावरून अर्धपोटी उठले. तिसऱ्या दिवशी मजजवळ येऊन म्हणाले, "मोठे आजोबा, मी कोपरा सोडून चढाई शिकू का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी खेळाची रचना नीट पाहिली पाहिजे. आमच्या लहानपणी ज्याला हुतूतू म्हणत, त्या या खेळात मैदानावर प्रत्येक बाजूस सात गडी असतात. चढाई करणारा एकटा जातो, म्हणून सर्वांचे डोळे त्याच्यावर खिळतात. उरलेले सहा काय करतात हे बहुतेक प्रेक्षक पाहतच नाहीत. चढाईला आलेला गडी खोल शिरला की कोपऱ्याने घोटा धरावयाचा, आणि त्याच क्षणी शेजारच्याने धावून येऊन परतीची वाट अडवावयाची. घोटा धरला पण साथ आली नाही, तर बळकट गडी धरणाऱ्यालाच ओढीत मध्यरेषेपर्यंत नेतो. साथ लवकर आली तर तो सावध होऊन निसटतो. ही साखळी महिनोन् महिने एकत्र खेळून जमते. तिच्यातला एक दुवा बदलला की शेजारच्या दोघांचा अंदाज चुकू लागतो.

आणखी एक गोष्ट. नामांकित चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, म्हणजे तो आपल्या बळावर आत येऊ शकत नाही. साथीदारांनी समोरचा गडी बाद केला, तरच बाहेरचा गडी जिवंत होतो. म्हणजे ज्याच्या नावाने टाळ्या पडतात, त्याला पुन्हा मैदानात आणण्याचे काम बरेचदा कोपऱ्यावर उभा असलेला मुलगा करीत असतो! अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये तर हा भेद याहून तीव्र आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभाही त्यांना सामान्यतः नसते. भिंत फुटली की दोष त्यांचा. भिंत टिकली की कौतुक मागच्याचे.

मोठ्या संघांना हे शहाणपण कळते की नाही, ते पाहण्यास आपल्या पुण्याचाच दाखला पुरे. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या पर्वासाठी २०२३ साली लिलाव झाला. संपूर्ण संघासाठी खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपये. त्यापैकी २ कोटी ३५ लाख रुपये पुणेरी पलटणने एका इराणी खेळाडूवर, मोहम्मदरेझा शादलुई याच्यावर, लावले. आणि तो मुख्यतः पकडीचा गडी! अनेकांनी नाके मुरडली असतील. परंतु १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले, आणि त्या पर्वाचा सर्वोत्तम बचावपटू शादलुईच ठरला.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याचा ३२-२३ असा पराभव करून अजिंक्यपद नेले. पलटण त्या वर्षी बाद फेरीतही पोचली नाही. मात्र एवढ्यावरून निवडकर्त्यांना मूर्ख ठरविणे न्यायाचे होणार नाही. कर्णधार इनामदार त्याच वर्षी दुखापतीने बाहेर बसला होता. आणि एकासाठी निम्मी थैली रिती केली, तर इतर जागा कशाने भरावयाच्या? घरचे तरुण गडी राखून ठेवण्याचेही काही फळ असते. २०२५ मध्ये हीच पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि दिल्लीकडून केवळ तीन गुणांनी, २८-३१ अशी हरली. तात्पर्य, कोणाला ठेवावे आणि कोणाला सोडावे याचा हिशेब अवघड आहे. पण त्या हिशेबात राखणाऱ्याला रकाना असलाच पाहिजे. तो नसला तर काय होते, हे आपण २०१८ साली जकार्त्यात पाहिले. १९९० पासून आशियाई स्पर्धेतले पुरुषांचे एकही सुवर्णपदक न गमावलेला आपला संघ, नामांकित चढाईपटू असूनही, उपांत्य सामन्यात इराणच्या साखळीपुढे १८-२७ असा अडकला.

आमचे निमगाव केतकी पानमळ्यांचे गाव. वेल शेवरीच्या आधाराने चढतो. बाजारात पान विकले जाते, शेवरीला कोणी भाव विचारीत नाही. पण शेवरी आधी लावावी लागते, वेल मागून. हे मळेकऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या पांढरपेशा घरांत मात्र सांगावे लागते. आम्ही चार भाऊ. तिघे नोकऱ्यांच्या मागे गावोगाव गेलो. धाकटा घरी राहिला. आईचे अखेरचे आजारपण, कुळाचार, विहिरीचा गाळ, आल्यागेल्याचे स्वागत, आषाढात तुकोबांची पालखी मुक्कामाला आली म्हणजे ओटीवर उतरणारे वारकरी, हे सारे त्याने व त्याच्या पत्नीने सांभाळले. वाटणीची बोलणी निघाली, तेव्हा एका भावाने सहज विचारले, "याने मिळवले काय?" मी वडील या नात्याने म्हटले, "आपण तिघे जे मिळवीत होतो, ते मागे वळून न पाहता मिळवता आले, ते याच्यामुळे." तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. अखेर विहिरीलगतचा एक एकर त्याच्या नावे जादा लिहिला गेला. ज्याने विचारले, त्याच भावाने पहिली सही केली.

त्याच धाकट्याचा हा नातू. घरात दोन तट पडले आहेत. त्याची आई म्हणते, ज्यात नाव होते ते शिकावे, पुढे नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात. आजोबा काहीच बोलत नाही. मी मुलाला सांगितले, की चढाई अवश्य शिक. कारण चढाई करणाऱ्याचे पाय कसे पडतात हे ज्याला कळते, तोच घोटा वेळेवर धरतो. पण गुणपत्रिका पाहून कोपरा सोडू नकोस.

आणि गुणपत्रिकेविषयी शिक्षकबंधूंना एक विनंती. पकड यशस्वी झाली की गुण एकाच्या नावे मांडला जातो. वाट अडविणाऱ्या शेजाऱ्याचे नाव कोठेच उरत नाही. शाळेच्या संघापुरती तरी एक साधी वही घालावी आणि तीत 'साहाय्य' असा एक रकाना आखावा. कोण धावून आला, किती वेळा आला, आणि कोणाच्या अवेळी झेपेने पकड सुटली, हे प्रत्येक सामन्यात लिहावे. दहा सामने झाल्यावर ती वही पुढे ठेवून निवड करावी. आमच्या नातवासाठी मी अशी वही रेघा मारून तयार केली आहे. पुढील सामन्यास मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसण्याची परवानगीही मिळविली आहे. मुलगा निवडला जातो की नाही, हे त्या वहीवरून ठरो. ती जर त्याच्या विरुद्ध बोलली, तर तेही त्याने ऐकावे.